चौऱ्याहत्तरची की पंचाहत्तरची?

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटलं की पहिल्याच बोलण्यात एक प्रश्न हटकून येतो: क्रोम की रबर? रंग, किंमत, किती मैल पळाली, हे सगळं नंतर. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ही गाडी बनत राहिली. पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या, आणि १९७४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या सगळ्यांची दोन गटांत वाटणी झाली. आधीच्या गाड्यांना चकचकीत क्रोमचे सडपातळ बंपर, नंतरच्यांना काळ्या पॉलियुरेथेनचे जाडजूड. सगळेजण त्याला रबर म्हणतात, म्हणून आपणही म्हणू. दोन गाड्यांच्या जन्मतारखांत चार महिन्यांचं अंतर असलं, तरी त्यांच्या मधोमध हा बदल आला असेल तर आज पहिलीची किंमत दुसरीपेक्षा बरीच चढी असते. हा जादा पैसा नेमका कशाचा, हे समजून घेतल्याशिवाय त्यात हात घालू नये.

आधी वर्षाचा घोळ मिटवून टाकू. अमेरिकेच्या बाजारात नव्या वर्षाचं मॉडेल आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या आसपास येतं. त्यामुळे ऑक्टोबर १९७४मध्ये बनलेली गाडी कागदावर कधी १९७४ची, कधी १९७५ची, आणि जाणकारांच्या तोंडी ‘साडेचौऱ्याहत्तर’ची असते. शिवाय कारखान्यातले बदल सगळे एकाच दिवशी झाले नाहीत. बंपर आधी बदलले, कार्बोरेटर काही महिन्यांनी. बॅटऱ्यांची मांडणी त्याच काळात बदलली. म्हणून जाहिरातीतल्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा गाडीवर काय आहे आणि काय नाही, ते डोळ्यांनी बघावं.

गाडी मुळात साधी होती. एमजी म्हणजे ऑक्सफर्डमधल्या मॉरिस गॅरेजेसची आद्याक्षरं. कारखाना ऑक्सफर्डजवळच ॲबिंग्डनला. तिथले मुख्य अभियंते सिड एनेव्हर यांच्या हाताखाली एमजीबी तयार झाली आणि तिचा देह डॉन हेटर यांनी रेखला. आधीच्या एमजीएला स्वतंत्र चासी होती. बीला ती नव्हती. दाबून घडवलेल्या पत्र्यांचा वेल्ड केलेला सांगाडाच सगळा भार पेलतो. या एका गोष्टीकडे आपल्याला पुन्हा वळावं लागणार आहे. इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरांचं, लोखंडी ब्लॉकचं, सुरुवातीला ९५ अश्वशक्तीचं. हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं ‘बी-सीरिज’ इंजिन, आणि त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं भावंड आपल्याकडे अनेक वर्षं ॲम्बेसेडरच्या बॉनेटखाली धडधडत होतं. ॲम्बेसेडरवर हात काळे केलेल्या जुन्या मेकॅनिकपुढे एमजीबीचं बॉनेट उघडलं तर त्याला बिचकण्यासारखं फारसं काही आढळणार नाही. एसयू कार्बोरेटर दोन आहेत, एवढंच.

इतकी साधी गाडी अठरा वर्षं चालली याचं कारण ती सोपी, टिकाऊ आणि परवडणारी होती. आणि दुसरं, कमी गोड कारण म्हणजे मालकांकडे नवी गाडी घडवायला पैसे नव्हते. १९६८मध्ये एमजी ब्रिटिश लेलँड या अवाढव्य समूहात गेली. तिथे जुनी प्रतिस्पर्धी ट्रायम्फही एकाच छपराखाली आली, आणि स्पोर्ट्स कारसाठी जो काही पैसा होता तो ट्रायम्फच्या टीआर७कडे वळला. १९७५ साली तर हा अख्खा समूह ब्रिटिश सरकारलाच ताब्यात घ्यावा लागला. एमजीबीच्या वाट्याला आलं ते ठिगळकाम, आणि ठिगळं कुठे लावायची ते ॲबिंग्डनमध्ये नाही, वॉशिंग्टनमध्ये ठरत होतं. कारण निम्म्याहून जास्त एमजीबी अमेरिकेत विकल्या जात होत्या.

अमेरिकेच्या संघराज्यीय वाहन सुरक्षा मानकांमध्ये २१५ क्रमांकाचं मानक बंपरचं. १ सप्टेंबर १९७२पासून ते लागू झालं. गाडी ताशी ५ मैलांच्या वेगाने पुढून भिंतीवर आदळली, किंवा अडीच मैलांनी मागून, तरी दिवे आणि इंधनाची टाकी-नळ्या वगैरे सुरक्षेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत, अशी अट. पुढे अट कडक झाली, आणि बंपर जमिनीपासून किती उंचीवर हवा तेही ठरलं: १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात. दोन गाड्यांचे बंपर एकमेकांना भिडले पाहिजेत, एकाने दुसऱ्याच्या खाली शिरू नये, हा त्यामागचा विचार. या नियमाचा जीव वाचवण्याशी संबंध थोडाच. पार्किंगमधल्या ठोकरांनी होणारा दुरुस्तीचा आणि विम्याचा खर्च कमी करणं हा मोठा हेतू. हेतूत गैर काही नव्हतं. पण मोठ्या अमेरिकन सेडानच्या मापाने आखलेली उंचीची पट्टी जमिनीलगत पळणाऱ्या दोन आसनी गाडीलाही लागू झाली.

ॲबिंग्डनने आधी वेळ मारून नेली. अमेरिकेला जाणाऱ्या १९७४च्या एमजीबीवर बंपर क्रोमचेच राहिले, पण त्यांवर पुढे दोन आणि मागे दोन असे रबराचे भले थोरले उंचवटे बसवले. पन्नासच्या दशकातल्या सॅब्रिना नावाच्या ब्रिटिश अभिनेत्रीच्या देहयष्टीवरून या उंचवट्यांना ‘सॅब्रिना’ म्हणायचा वाह्यातपणा रूढ झाला, तो आजही सुट्या भागांच्या याद्यांपर्यंत टिकून आहे. दिसायला ते प्रकरण ओबडधोबडच. पण ते बोल्टने बसवलेलं आहे, हे महत्त्वाचं. त्या जागी आधीच्या वर्षाचे साधे बंपर चढवता येतात, आणि बऱ्याच मालकांनी ते कधीच चढवले आहेत.

अमेरिकेतल्या १९७४च्या मॉडेलांना आणखी एक विचित्र देणगी होती. पुढच्या आसनावर बसणाऱ्याने पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच होऊ नये, अशी जोडणी त्या एका वर्षी सक्तीची होती. शेजारच्या आसनावर किराण्याची जड पिशवी ठेवली तरी गाडी तिला माणूस समजून अडून बसायची. लोक इतके वैतागले की त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात अमेरिकन संसदेने ही सक्ती काढून टाकली. आज त्या तारा बहुतेक गाड्यांत तोडलेल्या सापडतात. कशा तोडल्या आहेत ते मात्र डॅशबोर्डखाली डोकावून बघावं. गॅरेजवाल्याने केलेलं काम आणि मालकाने वैतागून कापलेलं काम यांत फरक असतो.

सॅब्रिनांनी फार काळ भागण्यासारखं नव्हतं. १९७४च्या शरदात रबर बंपर आले. आत पोलादी आडवा खांब, बाहेर पॉलियुरेथेनचं कवच, गाडीच्या नाकाला आणि शेपटीला शक्य तितकं मिसळून जाईल असं वळवलेलं. सगळे त्याला नावं ठेवतात, पण मला ते काम प्रामाणिक वाटतं. त्याच काळात इतर अनेक कंपन्यांनी शिडीसारखे ॲल्युमिनियमचे खांब गाडीपुढे टांगले होते. त्यांच्यापेक्षा एमजीबीचं नाक पुष्कळ सुसंगत आहे. काळ्या किंवा गडद हिरव्या गाडीवर ते खटकतही नाही. खटकतं ते पांढऱ्या आणि पिवळ्यावर.

खरी हानी झाली ती उंचीमुळे. बंपर ठरलेल्या पट्ट्यात बसवायचा, आणि देहाचे साचे बदलायला पैसे नाहीत, म्हणून अख्खी गाडीच सुमारे दीड इंच वर उचलली. पुढे सस्पेन्शनचा आडवा खांब बदलून, मागे पाट्यांना, म्हणजे लीफ स्प्रिंगांना, जास्त बाक देऊन. याच सुमारास खर्च वाचवण्यासाठी पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडीचा कल आवरणारी पोलादी दांडी, उघड्या रोडस्टरवरून काढून टाकली. उंच झालेल्या गाडीवरून नेमकी कल आवरणारीच वस्तू काढावी, याला हिशेबनिसांची अभियांत्रिकी याखेरीज दुसरं नाव सुचत नाही.

वळणावर याचा परिणाम काय होतो, ते पाट्यांकडे बघितलं की कळतं. मागचा ॲक्सल दोन पाट्यांच्या मधोमध बांधलेला असतो. पाट्याचं पुढचं टोक देहाला पक्कं, मागचं झुलतं. चाक वर-खाली होतं तेव्हा ॲक्सल त्या पुढच्या टोकाभोवती वर्तुळाच्या तुकड्यावरून फिरतो. पाट्याला बाक जास्त असेल तर ॲक्सल पुढच्या टोकाच्या बराच खाली लटकतो. अशी गाडी वळणावर कलली की बाहेरच्या बाजूचा पाटा सपाट होतो आणि ते चाक किंचित मागे सरकतं. आतल्या बाजूचं चाक खाली येतं आणि किंचित पुढे. म्हणजे आख्खा मागचा ॲक्सल स्वतःहून थोडा वळतो, तोही गाडीची शेपूट बाहेर फेकली जाईल अशा दिशेने. चालकाने स्टिअरिंग जेवढं फिरवलं त्याहून जास्त गाडी वळू लागते. सावकाश चालवताना याचा पत्ता लागत नाही. घाटातल्या वळणावर वेगात असताना लागतो. हे सगळं कंपनीला माहीत होतं. १९७७च्या मॉडेलपासून पुढची दांडी अधिक जाड होऊन परत आली आणि मागेही एक बसवली गेली. तेव्हा मधल्या दोन वर्षांच्या रोडस्टर या बाबतीत सगळ्यांत दुबळ्या, आणि आपली पंचाहत्तरची त्यांतलीच.

हे दुरुस्त करता येतं का? बऱ्याच अंशी येतं. मागे कमी बाकाचे पाटे किंवा खाली उतरवणारे ठोकळे, पुढे आखूड स्प्रिंगा किंवा क्रोमच्या काळातला आडवा खांब, आणि एक चांगली अँटी-रोल दांडी. सगळे भाग इंग्लंडमध्ये सहज मिळतात आणि सगळं काम पान्यांनी होतं. वेल्डिंगची गरज नाही. एवढं केलेली पंचाहत्तरची गाडी चौऱ्याहत्तरच्या बरोबरीने वळते. बंपर मात्र काळेच राहतात.

इंजिनाचा प्रश्न गाडी कोणत्या देशात विकली गेली त्यावर अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये विकलेल्या गाडीत बंपर बदलले तरी दोन एसयू कार्बोरेटर तसेच राहिले; ताकदीत फरक पडला नाही. तिथे क्रोम आणि रबर यांतला वाद दिसण्याचा आणि उंचीचा, तेवढाच. अमेरिकेत तसं नाही. रबर बंपरांपाठोपाठ काही महिन्यांतच दोन एसयूंच्या जागी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर आला, हवा आत घेणारा आणि धूर बाहेर टाकणारा मॅनिफोल्ड एकत्र जोडला गेला, कॅलिफोर्नियात १९७५पासून आणि पुढच्या वर्षी सगळीकडे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला. ताकद साठ-पासष्ट अश्वशक्तीच्या घरात घसरली. १९६२च्या गाडीत ९५ होती. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या धरल्या तरी घसरण मोठी आहे. त्यात तो एकत्र मॅनिफोल्ड तापून तडकण्याबद्दल कुप्रसिद्ध. अमेरिकन गाडी बघत असाल तर इंजिन गार असताना सुरू करा आणि त्या भागाशी कान लावा. तड असेल तर फुसफुस ऐकू येते.

इथेही उलट वाट आहे, आणि असंख्य मालक त्या वाटेने गेले आहेत: जुना मॅनिफोल्ड, दोन एसयू. पण या दुरुस्तीला कायद्याची एक किनार आहे. कॅलिफोर्नियात १९७५ किंवा त्याआधीच्या मॉडेल वर्षाच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे. १९७६पासूनच्या गाड्यांना ती द्यावी लागते आणि तिथे मूळ उपकरणं जागच्या जागी लागतात. त्या राज्यात राहणाऱ्या मराठी वाचकांनी म्हणूनच क्रोम-रबरापेक्षा पंचाहत्तर आणि शहात्तर यांमधली रेघ जास्त जपावी. पंचाहत्तरची गाडी तिथे चौऱ्याहत्तरच्याच पंगतीत बसते, आणि भावात मात्र रबराच्या.

पंचाहत्तरच्या बाजूने बोलण्यासारख्या आणखी काही गोष्टी आहेत. जुन्या गाड्यांत आसनांच्या मागे, देहाखाली लोंबणाऱ्या दोन डब्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. रबराच्या काळात तिथे बारा व्होल्टची एक आली. सहा व्होल्टच्या दोन शोधत हिंडण्यापेक्षा हे बरं. ब्रिटनमध्ये १९७५च्या मध्यापासून ओव्हरड्राइव्ह सगळ्या गाड्यांना मिळू लागला. त्याआधी तो जादा पैसे मोजून घ्यावा लागे. लांबच्या रस्त्यावर इंजिनाचे फेरे खाली आणणारी ही सोय असलेली आणि नसलेली एमजीबी यांतला फरक बंपरच्या फरकाहून मोठा आहे, असं माझं ठाम मत. हमरस्त्यावर तासभर चालवून बघितलं की कुणालाही पटेल. आणि कुणाला गाडीत रोव्हरचं व्ही८ इंजिन बसवायची हौस असेल, तर रबराच्या काळातला सांगाडा जास्त सोयीचा, कारण १९७३ ते १९७६ दरम्यान बनलेल्या एमजीबी जीटी व्ही८ गाडीच्या आणि त्याच्या इंजिनाच्या जागेत बरंच साम्य आहे. त्या खऱ्या व्ही८ अवघ्या २५९१ निघाल्या, त्यामुळे त्यांचे भाव वेगळ्याच जगातले. बंद छपराची साधी जीटी मात्र चौऱ्याहत्तर की पंचाहत्तर हा प्रश्न ब्रिटनपुरताच ठेवते. रबर बंपर येताच अमेरिकेला जीटी जाणं जवळजवळ थांबलं.

आता पत्रा. इथपर्यंतचा सगळा वाद ज्या गोष्टीपुढे फिका पडतो ती गोष्ट ही. चासी नसलेल्या उघड्या गाडीला छप्परही नसतं, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवायचं काम दारांखालच्या दोन पोकळ पेट्यांवर येतं. त्यांना सिल म्हणतात. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा आणि खालून जोडलेला आणखी एक घडीचा पत्रा, अशी ती पेटी. तिची मेख अशी की बाहेरून दिसतो तो दाराखालचा मधला तुकडाच. पेटी पुढे मडगार्डच्या आत आणि मागे मागच्या मडगार्डच्या आत शिरलेली असते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात, बरोबर पेटीच्या टोकावर साचतो आणि वर्षानुवर्षं ओला राहतो. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

पेटी नीट बदलायची तर पुढच्या आणि मागच्या मडगार्डचे खालचे भाग कापावे लागतात, गाडीला आधार देऊन दारं बसवून मापं धरावी लागतात. स्वस्तातला गॅरेजवाला हे करत नाही. तो दिसणाऱ्या तुकड्यावर नवा पत्रा चढवतो, सांध्यावर पुट्टी भरतो, रंग मारतो. आत जुना गंज सुखात वाढत राहतो. असली गाडी फोटोत झकास दिसते.

ती ओळखायची कशी? गाडीपासून दहा पावलं मागे उभं राहून दाराच्या मागच्या फटीकडे बघायचं. फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधोमध खचते आहे. मग पुढच्या बाजूला जॅक लावून गाडी उचलायची आणि दार उघडून बघायचं. चांगल्या सांगाड्याचं दार सहज उघडतं, कुजलेल्याचं अडकतं. विकणारा जॅक लावू देत नसेल तर नमस्कार करून निघावं. मऊ कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक खिशात ठेवावं. पुट्टीवर ते चिकटत नाही. सिलच्या टोकांवर, मागच्या चाकाच्या कमानीवर, पुढच्या मडगार्डच्या वरच्या बाजूला विंडस्क्रीनलगत, दिव्यांभोवती ते फिरवावं. आसनांमागचं झाकण उचलून बॅटरीच्या डब्यात हात घालावा. कित्येक डब्यांना तळ नसतो. मागच्या पाट्यांची टोकं जिथे देहाला जोडली आहेत तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून बघावा, अर्थात मालकाला विचारून. कार्पेट उचलावं. ओल लागली तर ती कुठून येते ते शोधल्याशिवाय पुढे बोलू नये.

जीटीला छप्पर असल्यामुळे तिचा सांगाडा सिल कुजल्यावरही बराच काळ तग धरतो. म्हणून जीटीत फटींवर विसंबता येत नाही. तिथे खालूनच बघावं लागतं.

आता समजा एक चौऱ्याहत्तरची क्रोमवाली आहे, आयुष्य इंग्लंडच्या किनाऱ्यालगत काढलेली, दोनदा रंगवलेली. आणि एक पंचाहत्तरची रबरवाली, कोरड्या ॲरिझोनात उन्हाने डॅशबोर्ड तडकलेली पण पत्रा कारखान्यातून निघाला तसा असलेली. माझं उत्तर क्षणाचाही विचार न करता दुसरी. डॅशबोर्ड, आसनं, हूड, कार्बोरेटर, उंची हे सगळं पैसे देऊन विकत मिळतं. पत्राही मिळतो म्हणा: १९८८पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळ साच्यांवरून एमजीबीचे अख्खे नवे सांगाडे बनवते आहे. जुन्या गाड्यांच्या दुनियेत ही दुर्मीळ सोय आहे. पण नवा सांगाडा, त्यावर रंग आणि जुन्या गाडीतली एकूण एक वस्तू काढून त्यात बसवण्याची मजुरी एकत्र केली तर त्या पैशात बहुधा दोन चांगल्या पंचाहत्तरच्या येतील.

यंत्राच्या बाजूला दोन्ही वर्षांत तपासण्यासारखं सारखंच आहे, आणि ते लवकर आटपतं. इंजिन चांगलं तापल्यावर ऑइलचा दाब बघा. तो चालताना धडधाकट हवा आणि नुसतं सुरू ठेवल्यावर तळाला जाऊ नये. वरून दुसऱ्या गिअरमध्ये येताना करकर होते का ते ऐका. तारांची चाकं असतील तर पुढे-मागे जाताना मागून ‘टक्’ असा आवाज येतो का बघा. येत असेल तर चाकांच्या खाचा झिजल्या आहेत. पुढच्या किंगपिनांना दर ३००० मैलांनी ग्रीस लागतं आणि ते द्यायला लोक विसरतात, म्हणून पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. ब्रिटनमध्ये २०००पासून शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं. लोखंडी हेडमधल्या व्हॉल्व्हच्या बैठका तेव्हापासून कडक धातूच्या घातल्या आहेत का, ते बिलांवरून विचारा. रबरी पेट्रोलनळ्यांचं वयही विचारा, कारण आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला जुनं रबर मानवत नाही.

बाजारात तिसऱ्या जातीची गाडीही भेटते: रबराची गाडी क्रोमची करून टाकलेली. काम करता येण्यासारखं आहे, पण वाटतं तेवढं लहान नाही. पुढची मडगार्ड वेगळी, खालचा पत्रा वेगळा, जाळी वेगळी, बंपर धरणाऱ्या जागा वेगळ्या, मागे कापून पत्रा जोडावा लागतो. नीट केलेली गाडी ओळखायला वाकून बघावं लागतं. अर्धवट केलेली दुरूनच कळते, कारण नाकावर क्रोम आहे पण गाडी अजून दीड इंच वरच उभी आहे. अशा गाडीला क्रोमचा भाव देऊ नये. चासी क्रमांक खरं सांगतो: अमेरिकेसाठी बनलेल्या रोडस्टरच्या क्रमांकात ‘जीएचएन५’नंतर ‘यू’ आणि मग मॉडेल वर्षाचं अक्षर येतं, १९७४ला ‘ई’, १९७५ला ‘एफ’. गाडी नेमकी कधी बनली, कोणत्या रंगात, कोणत्या देशासाठी, याचा दाखला गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून शुल्क भरून मिळतो. महाग गाडी घेताना तो मागवलाच पाहिजे.

कागदांचा विषय निघाला आहे तर आपल्याकडचंही बघू. २०२१मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र क्रमांकमालिका, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. प्रदर्शन, विंटेज रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठी गाडी रस्त्यावर काढता येते. रोज ऑफिसला न्यायला नाही. चौऱ्याहत्तरात नोंदलेल्या गाड्या ही पन्नाशी २०२४मध्ये ओलांडून गेल्या, पंचाहत्तरातल्या त्यापाठोपाठ २०२५मध्ये, त्यामुळे या बाबतीतही दोघींतलं अंतर मिटलं आहे. पण त्या नियमांत गाडी मूळ रूपात असावी, चासी, देह किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. कापून-जोडून क्रोमवाली केलेली किंवा व्ही८ बसवलेली एमजीबी या अटीत कशी बसवायची, हे ज्याने त्याने घेण्याआधीच नोंदणी अधिकाऱ्याला विचारून घ्यावं.

दोन्ही गाड्यांचा पत्रा सारखाच चांगला निघाला, दोन्हींत ओव्हरड्राइव्ह आहे आणि खिशात पैसे आहेत, तर मग चौऱ्याहत्तरची घ्यावी. ती जास्त देखणी आहे आणि विकताना पैसे परत देते. पैसे मोजकेच असतील तर पंचाहत्तरची घेऊन वाचलेल्या रकमेतून आधी अँटी-रोल दांडी, मग पाटे आणि स्प्रिंगा, आणि गाडी अमेरिकन असेल तर शेवटी दोन एसयू, या क्रमाने कामं काढावीत. बंपरांना हात लावू नये.